धूरनोंदीची जागा कोणी निवडली

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या वस्तीतल्या प्रत्येक छातीचा आवाज ओळखणाऱ्या डॉक्टरबाई, त्यांच्या शेजारी बसलेल्या आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांच्यासाठी आपण हातातली कामं टाकून इथे जमलो त्या सत्कारमूर्ती प्रूफताई, त्यांना आपल्या घरी न्यायला आलेली त्यांची लेक आणि जावई, समितीचे आजी-माजी सभासद, आणि खुर्च्या संपल्या म्हणून भिंतीला टेकून उभे राहिलेले माझे सगळे शेजारी,

समितीचा चिटणीस म्हणून बारा वर्षं मी या माइकवर बोलत आलोय. बहुतेक वेळा 'चहाची व्यवस्था मागच्या बाजूला केली आहे' एवढंच बोललोय. आज मात्र मला रीतसर भाषण करायला सांगितलंय. डॉक्टरबाईंनी दहा मिनिटं दिलीत आणि 'निरोपाचा प्रसंग आहे, चार गोड शब्द बोला' अशी सूचनाही दिलीय. डॉक्टरांची औषधं आपण अर्धीच घेतो, हे त्यांना ठाऊक आहेच. तेव्हा दहाची पंधरा झाली आणि गोडवा जरा कमी पडला, तर त्यांनी रागावू नये.

इथे गेल्या तीन-चार वर्षांत राहायला आलेली बरीच मंडळी दिसतायत. त्यांना ताई म्हणजे समितीच्या ब्लॉगवर लिहिणाऱ्या, केस पांढरे झालेल्या, चुकीचं लिहिलेलं दिसलं की पर्समधून लाल पेन काढणाऱ्या बाई, एवढंच माहीत असेल. म्हणून थोडं मागून सुरू करतो.

ताईंनी एका छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली. नाव प्रूफताई पडलं ते त्यामुळे. निवृत्त झाल्यावर त्या आपल्या चौथ्या गल्लीत राहायला आल्या. घर स्वस्तात का मिळालं हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं, कारण गल्लीच्या टोकाला पालिकेची कचराभूमी होती आणि तिथला कचरा पेटायचा. कधी आपोआप पेटायचा, कधी पेटवला जायचा. आज या हॉलच्या खिडक्या उघड्या आहेत, हे आपल्या लक्षातही आलं नसेल. तेव्हा सभा खिडक्या लावून व्हायची, आणि तरी पहिल्या अर्ध्या तासात निम्मे सभासद खोकत असायचे.

ताई पहिल्यांदा सभेला आल्या त्या आमचं पत्रक हातात घेऊन. ते मी लिहिलं होतं. त्यात त्यांनी लाल पेनानं एकोणीस चुका काढल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, '"कचऱ्याचा निषेध असो" असं छापलं आहे. निषेध कचऱ्याचा की तो जाळणाऱ्यांचा, हे एकदा ठरवावे.' मला राग आला. पण पत्रक दुसऱ्यांदा छापलं ते त्यांनी लिहून दिलेलं, आणि पालिकेतून पहिल्यांदा उत्तर आलं ते त्याच पत्रकाला.

उत्तर काय होतं? 'सदर ठिकाणी क्वचित व तुरळक स्वरूपात धूर आढळतो.' आम्ही सगळे चिडलो. ताई म्हणाल्या, चिडून काय होणार, तुरळक म्हणजे किती ते आपण मोजू या. रोज लिहायचं. तारीख, वेळ, वारा कुठून, वास कसला, आणि त्या दिवशी कोणाला काय झालं. त्याला त्यांनी नाव दिलं, धूरनोंद.

या कामात त्यांना एक भिडू मिळाला. आपले पोस्टमनकाका. नवीन लोकांनी त्यांना पाहिलेलं नाही. निवृत्तीनंतरही त्यांची पहाटे उठून गल्ल्या तुडवायची सवय सुटली नव्हती. चालून आले की ते ताईंना फोन करायचे आणि तार वाचल्यासारखं सांगायचे. 'सव्वासहा. वारा पूर्वेचा. जळक्या रबराचा वास. शाळेच्या फाटकापाशी तीन पोरं खोकत होती. दुसऱ्या गल्लीतल्या शिंपीणबाई खिडकीला ओला टॉवेल लावत होत्या.' ताई ते जसंच्या तसं उतरवून घ्यायच्या. फक्त ऱ्हस्व-दीर्घ त्यांचे.

आता या नोंदी ठेवायच्या कुठे? वहीत ठेवल्या तर वाचणार कोण? पालिकेतल्या साहेबापासून वर्तमानपत्रवाल्यापर्यंत कोणालाही, कधीही वाचता आल्या पाहिजेत. ब्लॉग काढावा असं ठरलं. अकरा वर्षांपूर्वी त्यासाठी आपण याच हॉलमध्ये सभा घेतली. विषयपत्रिकेवर एकच विषय होता, 'समितीच्या ब्लॉगसाठी जागा निवडणे.'

माझा संगणक-टायपिंगचा क्लास आहे, हे आपण जाणताच. तेव्हा या वस्तीत संगणकातलं कळणारा म्हणजे मीच, असा सर्वांचा समज होता. माझा तर होताच होता. वासरांत लंगडी गाय शहाणी, तशी माझी गत.

पर्याय दोन होते. पहिला होता एका मोठ्या कंपनीचा तयार ब्लॉग. खातं उघडा, नाव टाका, लिहायला लागा. दिसायला देखणा, खाली लोकांना शेरे मारता यायचे, किती जणांनी वाचलं त्याचा आकडा कोपऱ्यात फिरत राहायचा. दुसरा पर्याय ताईंनी शोधून आणला होता. स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यायचा, छोटीशी जागा भाड्यानं घ्यायची, त्यावर साधं पान चालवायचं, आणि दर आठवड्याला सगळ्याची एक प्रत काढून आपल्यापाशी ठेवायची. दिसायला अगदी ओकंबोकं.

ताई कागदावर प्रश्न लिहून आल्या होत्या. जुन्या फोनवर, मंद इंटरनेटवर हे पान उघडेल का? कचरागाडीवर काम करणाऱ्या माणसानं काही सांगितलं, तर त्याचं नाव बाहेर न येता छापता येईल का? आपलं पान बंद करायचा अधिकार कोणाकोणाला असेल? असे बरेच होते. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला मी म्हणालो, "ताई, आपण ब्लॉग काढतोय की मुलीसाठी स्थळ बघतोय?" हॉल हसला. ताईही हसल्या. हशा ओसरल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "उद्या त्यांनी दार लावून घेतलं, तर आपलं लिहिलेलं आपल्या हातात कसं येणार?"

मी काय उत्तर दिलं, ते मला शब्दाशब्दानं आठवतं. मी म्हणालो, "एवढी मोठी कंपनी कुठे पळून जाणार आहे? तुमचा जन्म शाई-कागदात गेला, म्हणून तुम्हाला भीती वाटते."

त्यांनी प्रश्नांचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. एकतीस वर्षांच्या नोकरीची आपण एका वाक्यात टिंगल केली, हे मला त्या वेळी कळलंसुद्धा नाही. हात वर झाले. ताईंच्या पर्यायाला दोन हात, एक त्यांचा आणि एक पोस्टमनकाकांचा. बाकी सगळे माझ्या बाजूनं. आणि इतिवृत्तात मी लिहिलं, 'सर्वानुमते ठरले.'

आता एक गोष्ट सांगतो जी त्या सभेत कोणालाच ठाऊक नव्हती. त्या कंपनीचं खातं मी आदल्या दिवशीच उघडलं होतं. माझ्या ईमेलवर, माझ्या फोन नंबरवर. वर माझा फोटोही लावून झाला होता. बायको म्हणाली होती, अहो, उद्या सभा आहे ना, मग आज कशाला? मी म्हटलं, सभा आपली औपचारिकता असते. म्हणजे ताई प्रश्न विचारत होत्या तेव्हा मला उत्तर शोधायचंच नव्हतं, कारण माझ्या लेखी निर्णय होऊन गेला होता. बारशाआधीच नाव ठेवून मोकळा झालो होतो मी.

ताई, मला बसायची खूण करू नका. आज मी बसणार नाही.

तर धूरनोंद सुरू झाली. तीन वर्षं आणि वर दीड महिना. एक हजार एकशे चाळीस दिवस. एकही दिवस खाडा नाही. ताईंना स्वतःला ताप होता त्या दिवसाची नोंद आहे, म्हणजे होती, 'लिहिणारीस ताप. धूर नेहमीप्रमाणे.' सुरुवातीला त्या रविवारी बसून सगळं पुन्हा वहीत उतरवायच्या. मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, ताई, डोळे कशाला फोडताय, हे सगळं तिकडे ढगात सुरक्षित असतं. ढग वारा आला की विरतात, हे मला शाळेत शिकवलेलं होतं. पण त्या वेळी ते आठवलं नाही. आणि त्यांनी माझं ऐकलं. इतक्या हुशार बाईनं माझं ऐकलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आठ वर्षांपूर्वी पालिकेनं चौकशी समिती नेमली. कचराभूमीला मुदतवाढ द्यायची की ती बंद करायची, यावर सुनावणी ठरली. आमच्यापाशी हजारावर दिवसांची नोंद होती. आमचे वकील खूश होते. म्हणाले, इतका भक्कम पुरावा मी पाहिलेला नाही. सुनावणीला तीन आठवडे होते आणि एका सकाळी ताईंचा फोन आला. "क्लासवाले, पान उघडत नाहीये."

मी उघडून पाहिलं. पांढऱ्या पडद्यावर दोन ओळी होत्या. नियमभंगाच्या तक्रारींमुळे हे खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. तक्रारी कोणी केल्या, किती केल्या, ते आजतागायत आपल्याला कळलेलं नाही, आणि ठाऊक नसताना मी कोणाकडे बोट दाखवणार नाही. आम्ही कंपनीला पत्रं लिहिली, फोन लावले. पलीकडे माणूसच नव्हता. एक ठरावीक उत्तर यायचं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

तातडीची सभा झाली. आपल्यापैकी बरेच जण तिला होते. लोक भडकले होते आणि ते साहजिक होतं. कोणी म्हणालं, असल्या ठिकाणी ठेवायला सांगितलं कोणी? मागून कोणीतरी म्हणालं, ब्लॉगचं सगळं ताईच बघत होत्या ना? आणि मग तेच वाक्य हॉलभर फिरलं. ताईच बघत होत्या. तीन वर्षांपूर्वीच्या सभेत कोणाचा हात कशाला वर झाला होता, हे कोणाला आठवत असणार? सगळ्यांना रोज दिसत होत्या त्या लिहिणाऱ्या ताई.

ताई उठल्या. म्हणाल्या, "नोंदी माझ्या हाताखाली होत्या. त्या जपायचं काम माझं होतं. ते माझ्याकडून झालं नाही."

आणि बसल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी उठलो असतो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. हे खोटं आहे. उठायला कोणी बघावं लागत नाही. मी त्या टेबलापाशी, तिथेच, पेन हातात धरून बसलो होतो. तोंडात मिठाची गुळणी आणि हात मात्र चालू. इतिवृत्तात मी लिहिलं, 'ताईंनी झालेल्या चुकीची जबाबदारी स्वीकारली.'

मग सुनावणी झाली. त्याबद्दल कमी बोलावं असं वाटतं, पण सांगायलाच हवं.

कोपऱ्यावर लाँड्री चालवणाऱ्या वहिनी साक्षीला उभ्या होत्या. धुऊन वाळत घातलेल्या चादरी काजळीनं करड्या व्हायच्या म्हणून त्या आधी समितीत आल्या, आणि मग त्यांच्या मुलीला दम लागायला लागला. दोनदा त्या मुलीला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. डॉक्टरबाई इथे आहेत, त्यांनीच तिला श्वासासाठी वाफेचं मशीन लावलं होतं. दोन्ही वेळा वहिनींनी येऊन ताईंना सगळं सांगितलं होतं आणि ताईंनी तारीख-वेळेसकट लिहून ठेवलं होतं.

चौकशी अधिकारी वाईट माणूस नव्हता. सौम्यपणे त्यानं विचारलं, हे कधी घडलं? वहिनी म्हणाल्या, थंडीत. कोणत्या थंडीत? मुलगी दुसरीत होती तेव्हा. कोणत्या महिन्यात, कोणत्या दिवशी? वहिनी बोटांवर महिने मोजू लागल्या. समोरच्या बाजूचे वकील म्हणाले, "म्हणजे आपल्याला नीटसं आठवत नाही."

वहिनी म्हणाल्या, "मला सगळं आठवतंय. ओठ निळे पडले होते तिचे. तारीख ताईंकडे आहे."

सगळ्यांनी मागे वळून ताईंकडे पाहिलं. ताई उभ्या राहिल्या. हातात काहीच नव्हतं. एवढ्या वर्षांत मी ताईंना रिकाम्या हातानं उभ्या राहिलेलं तेवढंच एकदा पाहिलं.

निकालपत्रात पुन्हा तोच शब्द आला, तुरळक. कचराभूमीला तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली. वर्षाच्या आत लाँड्रीवाल्या वहिनी दुकान बंद करून मुलीला घेऊन दुसरीकडे गेल्या. जाताना त्या ताईंना भेटल्या नाहीत. आजच्या समारंभाचं निमंत्रण मी त्यांना पाठवलं होतं. उत्तर आलेलं नाही.

आतापर्यंत मी सांगितलं त्यातलं काही आपल्यापैकी जुन्या लोकांना अंधुकसं आठवत असेल. आता सांगतो ते कोणालाच ठाऊक नाही, एक ताई सोडून.

खातं एका दिवसात बंद झालं नव्हतं. त्याआधी अकरा दिवसांत कंपनीची तीन पत्रं आली होती. माझ्या ईमेलवर. खातं माझ्या नावावर ना! पहिल्यात तक्रारी आल्याचं लिहिलं होतं. दुसऱ्यात उत्तर मागितलं होतं. तिसऱ्यात लिहिलं होतं की सात दिवसांत आपलं म्हणणं कळवा, आणि तोवर आपल्या मजकुराची प्रत उतरवून घ्या. कशी उतरवायची तेही दिलं होतं. बटण होतं. एकदा दाबायचं होतं.

क्लासच्या परीक्षा चालू होत्या. मला ती जाहिरात वाटली. पहिली वाटली, दुसरी वाटली. तिसरी मी उघडली, वरच्या दोन ओळी वाचल्या, आणि म्हटलं, परवा बघू. परवा बघितलं नाही. कंपनीनं दार लावलं हे खरं, पण तीनदा कडी वाजवून लावलं. आणि घरात मी होतो.

निकालानंतर ती पत्रं सापडल्यावर मी ताईंच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. त्यांनी आत बोलावलं, चहा टाकला. मी तिन्ही पत्रं छापून नेली होती, ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तिन्ही वाचली. सवयीनं पेन हातात घेतलं होतं, ते टोपण लावून बाजूला ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. ताई, हे सांगायला मला परवानगी नाही, पण सांगतो. लेक पलीकडून काय म्हणत होती ते मला ऐकू येत नव्हतं. ताई म्हणत होत्या, "हो गं, माझंच चुकलं. या वयात नको तिथे हात घातला. हो, यापुढे बघेन." फोन ठेवला आणि मला विचारलं, साखर किती?

बाळ, तू पहिल्या रांगेत बसली आहेस. तुझ्या चेहऱ्यावरून दिसतंय की तुला हे आजवर माहीत नव्हतं. तुझ्या आईनं तुझ्यापाशीही माझं नाव घेतलेलं नाही. तिनं नको तिथे हात घातला नव्हता. तिनं त्या सभेत विचारला तो एकच प्रश्न विचारण्यासारखा होता, आणि तो एकटीनंच विचारला होता.

मी त्या दिवशी म्हणालो, ताई, मला माफ करा. त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "सभेत बोलायचं ते सभेत बोला. दारात नको."

पुढे त्यावर आमच्यात अक्षरही झालं नाही. त्या पुढच्या आठवड्यात माझ्या क्लासवर आल्या आणि म्हणाल्या, मी मागे सांगितलं होतं तसं साधं पान उभं करून द्याल का? मी करून दिलं. दर आठवड्याला तीन ठिकाणी प्रती ठेवायला लागलो. आजही ठेवतो. आपण ज्याला समितीचा ब्लॉग म्हणता तो हाच, ओकाबोका. आठ वर्षांत एक दिवस बंद पडलेला नाही.

आणि ताई पुन्हा घरोघर हिंडायला लागल्या. गेलेले दिवस गोळा करायला. डॉक्टरबाईंनी दवाखान्याचे केसपेपर काढून दिले, कारण त्यांवर तारखा होत्या. मुख्याध्यापिकांनी शाळेची हजेरीपुस्तकं दिली, कोणत्या दिवशी किती मुलं खोकल्यानं घरी राहिली ते त्यांत होतं. शिंपीणबाईंनी गिऱ्हाइकांच्या मापांची वही दिली, तिच्या समासात 'आज खिडकी लावून शिवलं' असं कुठे कुठे लिहिलेलं होतं. चौदा महिने ताई हे जुळवत होत्या. एक हजार एकशे चाळीसपैकी तीनशे शहाऐंशी दिवस परत मिळाले. सातशे चोपन्न गेले.

गेले त्यांतले बहुतेक पोस्टमनकाकांचे होते. ताई त्यांच्याकडे गेल्या तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते, आणि दुखणं फुफ्फुसाचंच होतं. मी ताईंबरोबर होतो. काकांना वास आठवत होते, वारा आठवत होता, कोणत्या घराच्या खिडकीला कोणत्या रंगाचा टॉवेल होता तेही आठवत होतं. तारखा आठवत नव्हत्या. ताईंनी विचारलं, तुम्ही कुठे टिपून ठेवलं होतं का? काका हसले, त्यांना हसायला त्रास होत होता, आणि म्हणाले, "आलेलं टपाल मी रोजच्या रोज वाटून टाकलं हो. घरी ठेवायची सवय नाही."

त्यानंतर पाच महिन्यांनी काका गेले. हजारावर पहाटा तो माणूस धुरात चालला, आणि त्याच्या चालण्याचा कागद कुठेही नाही. हे काही केल्या भरून येत नाही. बाकीचं ताईंनी भरून काढलं. हे त्यांनाही जमलं नाही.

दुसऱ्या सुनावणीला ताईंनी ते तीनशे शहाऐंशी दिवस आणि मुदतवाढीच्या तीन वर्षांचे सगळे दिवस ठेवले. कचराभूमी बंद झाली. आता तिथे मातीचे उंचवटे आहेत आणि त्यांवर गवत आलंय. सगळे म्हणतात, शेवट गोड झाला. पण डॉक्टरबाई, तुमच्या रजिस्टरात त्या तीन वर्षांची पानं आहेत. ती गच्च भरलेली पानं मी पाहिली आहेत. पहिल्याच सुनावणीत तारखा समोर असत्या, तर ती पानं कोरी राहिली असती की नाही, देव जाणे. पण ती शंका मी रोज सोबत घेऊन हिंडतो, आणि ती माझीच आहे, ताईंची नाही.

मग आठ वर्षं मी काय करत होतो, असं आपल्या मनात आलं असेल. प्रत्येक सर्वसाधारण सभेच्या शेवटी 'आयत्या वेळचे विषय' असतात. ते मीच वाचून दाखवतो. दर वर्षी वाटायचं, आज बोलू. मग कोणीतरी पाण्याच्या टाकीचा विषय काढायचं आणि मला हायसं वाटायचं. भित्याला पळायला वाट लागते, आणि सभेत वाटांना तोटा नसतो.

परवा मुख्याध्यापिकांनी ताईंचं मानपत्र लिहून माझ्याकडे टाइप करायला दिलं. फार सुंदर लिहिलंय, माझ्यानंतर आपण ते ऐकालच. त्यात एक वाक्य होतं, 'स्वतःच्या चुकीतून शिकून ताईंनी नव्या जिद्दीने पुन्हा नोंदी उभ्या केल्या.' मुख्याध्यापिकांचा दोष नाही, त्यांनी आपल्याच इतिवृत्तावरून ते घेतलं. पण माझी बोटं तिथे थांबली. हे चौकटीत बसून ताईंच्या लेकीच्या भिंतीवर लागणार. नातवंडं ते वाचून मोठी होणार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या बाईच्या नावावर माझी चूक कायमची छापली जाणार, आणि छापणारा मीच.

ते वाक्य मी काढून टाकलंय. न विचारता काढलं, त्याबद्दल मुख्याध्यापिकांनी मला काय ते बोलावं. त्याजागी दुसरं काही घातलेलं नाही, कारण ताईंच्या मानपत्रात माझं नाव कशाला? माझ्या नावाचं जे आहे ते मी इथे तोंडानं सांगितलं. आणि हे भाषण संपलं की समितीच्या चिटणीसपदाचा राजीनामा अध्यक्षांच्या हाती देणार आहे. प्रती काढायचं काम मात्र, आपण ठेवलंत तर, करत राहीन.

आता आभार. डॉक्टरबाईंनी पंधरा मिनिटं एकदाही घड्याळ न बघता ऐकून घेतलं, त्यांचे आभार. या हॉलच्या, खुर्च्यांच्या आणि चहाच्या व्यवस्थेत ज्यांचे हात लागले त्यांचे आभार. ताईंच्या लेकीचे आणि जावयांचे आभार, त्यांनी ताईंना आजपर्यंत आमच्यापाशी राहू दिलं. ताई, तुमचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. तिकडे गेल्यावर खिडक्या उघड्या टाकून झोपा, एवढंच.

बोलताना काही पुढेमागे झालं असेल, कोणाचा उल्लेख राहिला असेल, कुठे शब्द वावगा गेला असेल, तर सभागृहानं ते पोटात घालावं. तेवढी क्षमा मी आपणा सर्वांकडे मागतो.

ताईंकडे आज मागत नाही. निरोपाच्या दिवशी, एवढ्या माणसांसमोर, लेक समोर बसलेली असताना मागितलेल्या माफीला नाही म्हणणं कोणालाही जड जातं, आणि मी ताईंना पुन्हा एकदा भर सभेत गप्प बसायला लावणार नाही. त्यांनी सांगितलं होतं, सभेत बोला. मी बोललो. त्याचं काय करायचं ते त्यांनी सावकाश ठरवावं, आणि काहीच ठरवलं नाही तरी माझी तक्रार नाही.

आपण ऐकून घेतलंत. मी आपली रजा घेतो.